पाच कोपऱ्यांचा चौकोन

डोळा लागायच्या आधी शेवटचं ऐकू येतं ते कूलरचं घरघरणं. अकोल्यात मे महिन्यात दुपारी दुसरं काही ऐकू येतही नाही म्हणा. सकाळी अकराला दारंखिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे आणि ऊन उतरेपर्यंत स्वतःला स्वतःच्याच घरात कोंडून घ्यायचं. आतल्या खोलीत हे घोरताहेत. मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर पाय लांब करून बसलेय, मांडीवर पांघरूण, हातात क्रोशाची सुई. झोपायचं नाही हेमलता, मी स्वतःला बजावतेय, काठाची अर्धी फेरी राहिलीय, तेवढी उरक बाप्पा. साडेपाचला प्रणिता येईल.

प्रणिता म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंची मुलगी. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर तिला मुलगी झाली, आता तीन महिन्यांची आहे. परवा नागपूरला बारसं आहे आणि त्या इवल्याशा जिवाला आजीच्या हातच्या पांघरुणावर निजवायचं म्हणून लेकराला सासूपाशी ठेवून ती आज स्वतः न्यायला येतेय. फोनवर म्हणाली, "काकू, माझ्या रुखवतातलं सगळं आईनं चांगल्या डोळ्यांनी केलेलं. हे तिनं डोळे गेल्यावर केलं नं. मला हेच पाहिजे." मी म्हटलं, ये. म्हटलं, जपून ठेवलंय, काठ तेवढा करून देते.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? त्या पांघरुणात एकशे बारा चौकोन आहेत आणि त्यातला एकसुद्धा तिच्या आईच्या हातचा नाही. सगळे माझे आहेत. हे ह्यांनासुद्धा ठाऊक नाही.

बाईंचे डोळे साखरेच्या आजारानं गेले. आमच्याकडे मोठ्या जावेला बाई म्हणतात, मीही चाळीस वर्षं तेच म्हटलं. भाऊजी आधीच गेलेले, प्रणिता नागपूरला, मग बाई आमच्याकडे राहायला आल्या. येताना दोन लुगडी आणि लोकरीची ही एवढी पिशवी. गावात कुणाचं लग्न निघालं की रुखवतासाठी बाईंकडे रांग लागायची. तोरणं, ताटाभोवतीच्या महिरपी, टीव्हीवरचे रुमाल, बटवे, पोरीबाळींची टोपडी, काय काय करायच्या. नजर गेली तरी सुई सुटली नाही.

पण बोटांना चौकोनाचा हिशेब राहीना. क्रोशाचा चौकोन म्हणजे मधे एक गोल आणि त्याच्याभोवती तीन-तीन खांबांचे, म्हणजे उभ्या टाक्यांचे, गट. चार ठिकाणी एकाच भोकात दोन गट, म्हणजे जोडगट, घातला की तिथे कोपरा होतो. बाईंचे कोपरे कधी तीन व्हायचे, बहुतेक वेळा पाच. पाच कोपऱ्यांचा चौकोन सपाट बसत नाही, भाजलेल्या पापडासारखा फुगतो. दुपारी जेवून बाई पडल्या की मी तो उसवायचे आणि त्याच लोकरीनं नीट विणून त्यांच्या उशाशी ठेवून द्यायचे. त्या उठल्या की त्यावरून बोटं फिरवायच्या आणि विचारायच्या, "आज कसा झाला व?" मी म्हणायचे, "छान जमला, बाई." रोज. कधी एका चौकोनाला दोन-तीन दुपारी लागायच्या, मधे आठवडेच्या आठवडे त्यांची दुखणी निघायची. दीड वर्ष असं चाललं.

दयाबिया म्हणू नका त्याला. मला ते वेडंवाकडं बघवत नव्हतं, एवढंच आधी होतं. मग ते माझ्याच गळ्यात अडकलं. एकदा "छान जमला" म्हटलं की दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडानं सांगणार की कालचा तुमचा नव्हता?

सुई बोटांतून घसरते. घसरू दे. पाच मिनिटं नुसते डोळे मिटते.

"काहून व हेमा, बसल्या बसल्या झोपते का?"

दिवाणाच्या पायथ्याशी बाई बसल्यात. त्यांना जाऊन चौदा महिने झालेत, वर्षश्राद्धही झालं, पण त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. बाई माझ्याकडे बघताहेत. नजर माझ्या तोंडावरून मांडीवर येते आणि पांघरुणावर थांबते. बाईंना दिसतंय.

"डोळे बरे झाले वाटतं," मी म्हणते.

"तिकडे सारं बरं होते."

"आणि साखर?"

"चहात तीन चमचे घेतो," त्या म्हणतात. "कोनी बोलत नाही."

मी हळूच पांघरूण गोळा करायला लागते. एक बाजू पायाखाली ढकलते तर दुसरी बाजू बाहेर येते. ती ढकलते तर आणखी येतं. पांघरूण दिवाणावरून खाली गेलंय, फरशीभर पसरलंय, आणि फरशीच चौकोनाचौकोनांची झालीय, राणी, पोपटी, आंब्यासारखी पिवळी, जांभळी. बाई पाय वर घेऊन बसल्यात. चहाची कपबशी हातात आहे आणि त्या निवांत फुंकर घालताहेत.

"कायले लपवून राहिली?"

"लपवत नाहीये. घडी करतेय."

"कर मंग घडी. मी पायतो."

मला उठायचंय. मला ह्या खोलीतून बाहेर जायचंय, तेवढंच कळतंय मला. ह्यांना उठवीन, चहा टाकीन, तोंडावर पाणी मारीन. मी उठते आणि दाराकडे जाते. ह्या कोपऱ्यात फ्रिज आहे. पुढच्या कोपऱ्यात देव्हारा. तिसऱ्यात बाईंची खाट, तिच्यावर त्यांची मऊ पडलेली वाकळ. चौथ्यात कूलर. त्याच्या पुढे दार असायला पाहिजे, चाळीस वर्षं तिथेच आहे. पण पुढे पुन्हा फ्रिज येतो. मग देव्हारा. मग खाट. चौकोनाची फेरी पुरी झाली की शेवटचा टाका पहिल्या टाक्यात ओवून जोडून टाकतात, तशी ही खोली कुणीतरी जोडून टाकलीय.

"बाई, दार कुठे गेलं?"

"मले विचारते? घर तुहं आहे."

मी भिंतीला हात लावत चालते. कूलरचं पाणी हाताला लागतं, वाळ्याचा वास येतो. मी परत फिरते, उलट्या बाजूनं जाते. तेच चार कोपरे. पदर कशात तरी अडकलाय. ओढते तर निघत नाही. बघते तर पदराची किनार खुर्चीच्या पाठीला विणून टाकलीय, बारीक, घट्ट खांबांनी, आणि खुर्ची पुढच्या खुर्चीला, ती तिच्या पुढच्या खुर्चीला. खुर्च्यांवर बायका बसल्यात. महिला मंडळाचा हॉल आहे हा. हळदीकुंकवाचं प्रदर्शन, समोर भिंतीवर पांघरूण टांगलंय आणि त्याच्याखाली पुठ्ठ्यावर लिहिलंय, श्रीमती कौसल्याबाई गावंडे, दृष्टी गेल्यानंतर केलेलं काम.

हे खरंच झालं होतं. पांघरुणाला तेव्हा काठ नव्हता, तरी मंडळाच्या अध्यक्षीणबाई हट्टानं घेऊन गेल्या होत्या. बाईंना पुढे खुर्चीवर बसवलं होतं, गळ्यात हार घातला होता. बायका ओळीनं येऊन पाया पडत होत्या, पांघरुणाला हात लावून डोळे पुसत होत्या. मी मागे चिवड्याच्या प्लेटा भरत होते. माझ्या शेजारी कुणीतरी म्हणालं, "बघा, जाऊ असून किती करते त्यांचं." मी चिवड्यात चमचा खुपसला आणि गप्प राहिले.

आत्ताही गप्प आहे. पदर सुटत नाही म्हणून उठता येत नाही. बाई पुढच्या खुर्चीवरून मागे वळून सरळ माझ्याकडे बघतात, आणि हॉलभर बायका असताना अशा बोलतात, जणू स्वयंपाकघरात आम्ही दोघीच आहोत.

"त्या दिवशी राग आला होता का व तुले?"

"आला होता."

"कोनाचा?"

"तुमचा." एकदा निघालं की थांबत नाही माझं. "काम माझं आणि हार तुमच्या गळ्यात. मनगट माझं दुखत होतं. दुपारी अंग टाकावं वाटायचं, तेव्हा मी तुमचे कोपरे मोजत बसायचे. आणि ह्या सगळ्या तुमच्या पाया पडताहेत. मला वाटलं, उठावं आणि ते पांघरूण भिंतीवरून ओढून काढावं."

"मंग काढलं काहून नाही?"

"तुम्ही हसत होतात. डोळे गेल्यापासून पहिल्यांदा तुम्ही दात दाखवून हसत होतात."

बायका अजून पाया पडताहेत, एकीमागून एक, आणि रांग संपत नाही. दाराशी गेलेली पुन्हा मागे येऊन उभी राहतेय. इथेही दार नाही वाटतं. मी पदराला हिसका देते आणि हॉल काळाकुट्ट होतो.

अंधारात एक बारीक हिरवा दिवा आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांची खोली. बाईंची हनुवटी त्या यंत्रावर टेकवलेली आहे आणि कपाळाला पट्टा. मी मागे भिंतीला चिकटून उभी आहे, कारण खोली एवढीशीच आहे की हात लांब केला तर डॉक्टरांना लागेल. डॉक्टर दिसत नाहीत, आवाज येतो. काळजी करू नका आजी, हळूहळू फरक पडेल. मग तोच आवाज माझ्या कानाशी, हळू, आता काही होण्यासारखं नाही, त्यांना सांगू नका.

"आइकलं मी ते," बाई हनुवटी न हलवता म्हणतात. "डोये गेले होते, कान नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"कोनापाशी? डॉक्टर म्हने, फरक पडीन. प्रनिता फोनवर म्हने, आई मी मजेत आहे, अन् गळा भरून आलेला राहे तिचा. दोनदा पोट पडलं होतं तिचं, मले कोनी सांगितलं नाही. अन् तू म्हने, छान जमला." त्या थोडं थांबतात. "डोये गेले त्याचं येवढं नाही वाटलं हेमा. डोये गेल्यापासून माह्याशी कोनी खरं बोललंच नाही, त्याचं वाटलं."

मला बोलायचंय, पण तोंडात लोकर भरल्यासारखं झालंय. पाठीमागची भिंत पुढे सरकतेय, की मला तसं वाटतंय. यंत्र, बाई आणि मी, तिघांपुरतीच जागा राहिलीय. मी म्हणते, "बाई, मला इथून बाहेर काढा." लहान पोरीनं म्हणावं तसं म्हणते मी ते, एकसष्ट वर्षांची बाई.

"चाल."

त्या पट्टा काढतात, माझं मनगट धरतात. पहिल्यांदाच त्या मला धरून नेताहेत, नाहीतर मीच त्यांना न्हाणीत न्यायचे, जेवायला बसवायचे, ताटात भाजी उजवीकडे आणि चटणी डावीकडे म्हणून सांगायचे. दोन पावलं चालतो आणि आमच्याच खोलीत येतो. फ्रिज, देव्हारा, खाट, कूलर. दार अजूनही नाहीच.

बाई खाटेवर आडव्या होतात. कुशीवर वळतात, नेहमीसारखा एक हात गालाखाली घेतात आणि डोळे मिटतात.

"आता उसव," त्या म्हणतात.

"काय?"

"उसव नं. रोज उसवत होती तसं. मी झोपली समज."

माझ्या हातात एक चौकोन आहे, पोपटी. फुगलेला. मोजायची गरजच नाही, नजरेनं दिसतंय, पाच कोपरे आहेत. माझे हात आपोआप टोक शोधतात आणि ओढतात. टाके सुटायला लागतात, एकामागून एक, हलका टपटप आवाज करत. दीड वर्ष मी हे करत होते, पण हा एवढा आवाज येतो हे मला कधी कळलंच नव्हतं.

"पाह्य," बाई मिटल्या डोळ्यांनी म्हणतात. "येते का नाही आवाज?"

हातातली लोकर तशीच राहते माझ्या.

"तुम्ही जाग्या होतात?"

"अंधाराले कंटाळलेलं मानूस दुपारी आनखी डोये मिटून झोपते का व? मी पडून राहत होती. तू बाजूले येऊन बसे, बांगडी वाजे तुही, मग हे टपटप सुरू होये. पहिले चुकतच होती मी, खरंच चुकत होती. मग एक दिवस ध्यानात आलं. मी नखानं मोजले तं पाच कोपरे झाले होते, अन् उठून पाह्यलं तर चार. दोनदा मोजले. चारच."

"बाई..."

"दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाच घातले. मग तिसऱ्या दिवशी पाच. मग रोजच."

"मुद्दाम?" मला राग येतो. खरंच सांगते, आधी राग येतो. "मी रोज डोळे फोडून उसवतेय, आणि तुम्ही मुद्दाम?"

"तू कधी म्हनशीन म्हनून. बाई, पाच झाले, एक काढा लागते. येवढंच म्हनायचं होतं तुले. मी म्हटलं असतं, कोठी झाला व, दाखव. तू माहं बोट धरून त्या कोपऱ्यावर ठेवलं असतं. झालं असतं काम."

"मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं असतं. मग? नवरा गेला, डोये गेले, ते सोसलं. एक कोपरा चुकला ते सोसलं नसतं का मले?"

मी खाटेच्या काठावर बसते. पोपटी लोकर मांडीत पडलीय, सगळी कुरळी, टाक्यांचा आकार धरून राहिलेली. मला रडू येतंय आणि मी ते थांबवत नाही. बाईंसमोर मी कधी रडले नाही, त्यांना दिसत नव्हतं तेव्हासुद्धा.

"मग तुम्ही का नाही म्हणालात?" मी विचारते. "हेमा, तू उसवतेस, मला कळतं. तुम्हीही म्हणू शकत होतात."

कूलरचा आवाज येतोय, पण वारं येत नाही.

"म्हटलं असतं तर तू थांबली असती," त्या म्हणतात. "मग दुपारी माह्याजवळ कोन बसलं असतं?"

मी मांडीतली लोकर पुन्हा पुन्हा सरळ करते.

"सकाळी तुहा सैपाक, संध्याकाळी भाजी, देवदर्शन, टीव्ही. बोलायले येत होती तू, पन उभ्याउभ्यानं. गोळ्या घेतल्या का बाई, जेवल्या का बाई. बसत होती ते दुपारीच, दीड तास, माहं काम उसवायले. बोटं सुजली होती माही, सुई धरवत नव्हती. तरी विनत होती. म्हटलं, नाही विनलं तर हिले उसवायले काय राहीन?"

म्हणजे मी त्यांच्यासाठी अडकले होते आणि त्या माझ्यासाठी. एकाच खोलीत, एकाच लोकरीच्या दोन टोकांना बसून दोघीही दुसरीनं सोडवायची वाट बघत होतो, आणि रोज कसा झाला, छान जमला, एवढंच म्हणत होतो. मला त्यांना मिठी मारावीशी वाटते. आमच्या घरात तशी पद्धत नाही. मी त्यांच्या पायांवर हात ठेवते, ते थंड आहेत.

"अन् एक सांगू का?" बाई डोळे उघडतात. "मी राणी रंग मागितला की तू शेंदरी देत होती."

"राणी संपला होता. शेंदरीचे सहा बंडल पडून होते."

"मले वाटलंच. शेंदरीचा वास येगळाच येते."

मी रडता रडता हसते. मग एकदम आठवतं, साडेपाच.

"बाई, प्रणिता येतेय आज. पांघरूण न्यायला. तिला तुमच्या हातचं म्हणूनच पाहिजे आहे. मी काय सांगू तिला?"

बाई उठून बसतात.

"सांगा नं, बाई. सांगितलं तर तिच्याकडे काही राहत नाही आणि नाही सांगितलं तर त्या लेकरालाही तेच पांघरणार आहोत आपण. तुम्हीच सांगा."

"हात पुढे कर," बाई म्हणतात.

मी दोन्ही हात पुढे करते. बाई पांघरुणाच्या काठाचं टोक शोधून ओढायला लागतात. मी आठ दिवस बसून केलेला शेंदरी काठ, अडीच फेऱ्या, सरसर सुटत येतो. सुटेल तशी ती लोकर त्या माझ्या दोन्ही मनगटांभोवती फिरवताहेत, लड करताना करतात तशी. दहा वेढे. वीस. मी म्हणते, बाई, पुरे. पन्नास. हात एकमेकांशी बांधल्यासारखे झालेत, लोकर मनगटात रुततेय, बोटं बधिर होताहेत.

बेल वाजते.

"बाई, सोडा, प्रणिता आली."

"थांब, होऊ दे."

बाहेर कुठेतरी बेल वाजतेय, पण बाहेर जायला दार नाही आणि दार असतं तरी मला उघडता आलं नसतं. बाई आता माझ्या हातांवरून लोकर काढून तिचा गुंडा करायला लागल्यात. घाई नाही. थोडे वेढे उभे, थोडे आडवे, मधेच अंगठ्यानं दाबून बघतात. बेल पुन्हा वाजते, लांब. मी हात ओढते. जितकी ओढते तितकी लोकर आवळते. "बाई, ती उन्हात उभी आहे हो," मी ओरडते, आणि माझा आवाज कूलरच्या आवाजात जातो.

"हात ढिले सोड," बाई म्हणतात. "ओढू नको. ढिले सोड, मंग निघते."

मी हात सोडते. वेढे एकेक करून उतरायला लागतात. दहा. पाच. शेवटचा वेढा उजव्या मनगटावरून निघतो तेव्हा तिथे नुसता गार वारा लागतो.

बेल वाजतेय.

मी डोळे उघडते. कूलर चालू आहे, हे आत घोरताहेत, दार आपल्या जागेवर आहे आणि त्याच्या फटीतून उन्हाची रेघ आत आलीय. पांघरूण मांडीवर आहे. काठ नाही. अडीचच्या अडीच फेऱ्या गेल्यात, चौकोनांच्या कडा उघड्या पडल्यात. आणि दिवाणाच्या पायथ्याशी शेंदरी लोकरीचा गुंडा पडलाय, चांगला कवठाएवढा, घट्ट, उभे-आडवे वेढे घालून केलेला.

झोपेत माझ्याच हातांनी केलं असेल. असेलही. पण मी उसवलेली लोकर कधी गुंडाळत नाही, मांडीतल्या ढिगातूनच विणत जाते. मी तो उचलते. तो हाताला ऊबदार लागतो.

दार उघडते तर प्रणिता घामानं निथळतेय. "अगं काकू, किती वेळ? मला वाटलं काय झालं की काय." ती आत येते, माठातलं पाणी उभ्याउभ्याच पिते आणि तिची नजर दिवाणावर जाते. ती बसते. पांघरूण दोन्ही हातांनी उचलते आणि तोंडाला लावते. खांदे हलताहेत तिचे. अकरा वर्षांत दोनदा पोट रिकामं झालेली, आईला त्यातलं एक अक्षर न सांगणारी ही पोर, आईच्या टाक्यांत तोंड खुपसून बसलीय आणि ते टाके माझे आहेत.

"प्रणिता," मी म्हणते. "ते तुझ्या आईनं विणलेलं नाही. मी विणलंय. सगळं."

ती वर बघते. मी थांबत नाही, थांबले तर पुन्हा कधीच बोलणार नाही. उभ्याउभ्याच सांगते. चौकोन, कोपरे, दुपारची झोप, उशाशी ठेवणं, छान जमला म्हणणं, मंडळातला हार, माझा राग. ती पांघरूण खाली ठेवते. घडी करत नाही, नुसतं बाजूला सारते.

"एकही नाही? एकही चौकोन तिचा नाही?"

"एकही नाही. लोकर त्यांच्याच हातून गेलेली, पण आत्ताचा टाका एकही त्यांचा नाही."

तिचा चेहरा असा होतो की मला नजर वर करवत नाही. मग विचारते, अगदी हळू विचारते, "तिला माहीत होतं?"

हो म्हणणं आत्ता फार सोपं आहे. हो म्हटलं तर ही पोर रडून मोकळी होईल, मलाही सुटल्यासारखं वाटेल, आणि बाईही काही म्हणायला येणार नाहीत. हो म्हणावं असं माझ्या मनात पुरेपूर आहे. मुठीतला गुंडा मी इतका घट्ट धरलाय की नखं त्यात रुतलीत.

"माहीत नाही गं," मी म्हणते. "मी रोज त्यांच्या उशाशी बसत होते, पण मी त्यांना कधी विचारलंच नाही."

प्रणिता दिवाणावर सरकून मला जागा करते, आणि मी तिच्याजवळ बसते.